रबरी हाताची कातडी

३ मार्च

चि. टिटवी,

तुझं पत्र आम्हाला कितीला पडलं ते आधी सांगतो. साडेतीन वर्षं तोंड शिवून बसलीस आणि मग एक ओळ लिहिलीस, मोजून सात शब्दांची. त्या सात शब्दांपायी माझं काम अर्धा दिवस बंद राहिलं. भट्टीवरचं रबर करपलं, म्हणजे दोन मनगटं आणि एक कोपर वाया. तुझी आई दोनदा रडली. एकदा पाकिटावरचं अक्षर ओळखून, आणि दुसऱ्यांदा आत आणखी काही नाही हे बघून. पाकीट उपडं करकरून तिने इतकं झटकलं की त्याचा तळ फाटला. शेजारच्या घड्याळवाल्याने विचारलं, "पोरीचं पत्र ना? काय म्हणते?" मी म्हटलं, "मजेत आहे." तेव्हा एक खोटंही त्यात धर.

आणि एवढ्या खर्चाचं पत्र काय, तर 'बाबा, त्या हाताची कातडी शेवटची कधी बदलली?'

आई कशी आहे, नाही. तुम्ही कसे आहात, नाही. गिऱ्हाईकसुद्धा आधी नमस्कार करतं गं.

तुमच्या कॉलेजात माझे सहा हात आहेत. आत नळ्या, नळ्यांत लाल पाणी, वरून रबराची कातडी. त्यांत सुया खुपसून खुपसून तुम्ही नर्सा होता. माणसाला सलाईन लावायच्या आधी माझ्या हाताला लावता, कारण माझा हात ओरडत नाही आणि त्याचे नातेवाईक भांडायला येत नाहीत. सगळे सहाच्या सहा माझ्या साच्यातले. मी पंक्चरच्या दुकानात बसलो असताना तुमच्या कॉलेजच्या जुन्या बाई टॉवेलात गुंडाळलेला एक गळका हात तान्ह्या पोरासारखा मांडीवर घेऊन आल्या होत्या. "हा सांधता येईल का हो?" म्हणाल्या. मी बघितलं, परदेशी माल म्हणे, आणि आतली शीर सायकलच्या ट्यूबपेक्षा हलकी. त्या दिवसापासून हा धंदा. आज अकरा कॉलेजांत माझे हात आहेत, आणि तिथल्या एकाही बाईला शीर कशी असते ते माझ्याएवढं ठाऊक नाही.

तुमच्या बॅचचं तर विचारूच नकोस. जानेवारीत दुरुस्तीला आलो होतो तेव्हा ऐकलं सगळं. प्रॅक्टिकलच्या खोलीत कोपऱ्यातल्या पडद्यामागे मी स्क्रू पिळत बसतो. पडद्यामागचा माणूस म्हणजे पंखा, असं धरून पोरी बोलतात.

"पहिल्याच दिवशी एकटीच्या अंगावर वॉर्ड टाकला तर?"

"टाकतात. माझ्या मावसबहिणीवर टाकला. तीस पेशंट."

"मग काय केलं तिने?"

"बाथरूममध्ये जाऊन रडली. मग तोंड धुतलं. मग तीस पेशंट."

"मला तर औषधाचं गणितच सुधरत नाही. घाबरले की मिली आणि मिलीग्रॅम जुळी भावंडं दिसतात."

"आणि डॉक्टर ओरडले तर काय म्हणायचं?"

"सॉरी सर."

"चूक त्यांचीच असेल तर?"

"तर दोनदा सॉरी सर."

ऐकून मी पाना खाली ठेवला. साडेतीन वर्षं शिकून, पांढरे बूट घालून, छातीवर घड्याळ लावून बाहेर काय पडणार, तर दोनदा सॉरी सर. एक पोर तर म्हणत होती, तिला अजून सुई उघडली की तळव्यांना घाम सुटतो. सुई बघून पांढरं पडणारा माणूस मला आजवर समजलेला नाही. मी दिवसाला चाळीस सुया खुपसून बघतो, आणि दुसऱ्या हातात चहाचा कप असतो. कप हलत नाही.

कातडीचं म्हणशील तर वेळच्या वेळी बदलतो. आई ठीक आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो.

तुझा बाप,
पंक्चरवाला


११ मार्च

चि. टिटवी,

चार पानं! बाईसाहेबांना वाचा फुटली. घरात फोन आहे, पण फोन केला तर माझा आवाज ऐकावा लागेल, म्हणून ही टपालाची सोय. असो. मीही कागदावरच बरा आहे, मधे तोडता येत नाही.

म्हणजे नोकरी लागली. मोठ्या हॉस्पिटलात, एक एप्रिलला हजर व्हायचं. ही बातमी तू तिसऱ्या पानावर, खालून चौथ्या ओळीत घातलीस, जणू कुणाची छत्री हरवल्याचं सांगतेस. तुझ्या आईने तेवढीच ओळ शेजारपाजारी वाचून दाखवली. पुढची मी वाचू दिली नाही. कारण पुढे तू लिहितेस की तू जाणार नाहीस. 'मी तयार नाही, तसं हॉस्पिटलला कळवणार आहे.'

तयार! मी पंक्चरचं दुकान टाकलं तेव्हा मला टायर उतरवता येत नव्हता. पहिलं गिऱ्हाईक आलं, त्याला म्हटलं, "जरा चहा पिऊन या." तो गेल्यावर समोरच्या फिटरला विचारून आलो. तयार फक्त कपडे मिळतात, आणि तेही बगलेत दाटतात.

तुझ्या त्या म्हाताऱ्या पेशंटची, मास्तरांची, गोष्ट मी दोनदा वाचली. वॉर्डात पहिल्यांदा जिवंत माणसाला सलाईन लावायला गेलीस, पाच वेळा टोचलंस, पाचही वेळा शीर लागली नाही, आणि मास्तर म्हणाले, "बाळ, तू जरा बस. दमलीस." यावर तू दोन दिवस जेवली नाहीस म्हणे. मास्तर लोकांची जातच ती. नापास पोराच्या पाठीवरून हात फिरवतात आणि त्याला आयुष्यभर वाटत राहतं की आपलं काहीतरी चुकलं. त्यांनी शिवी दिली असती तर सहाव्यांदा लागली असती तुला.

आणि मग तू प्रॅक्टिकलच्या खोलीत जाऊन भिंगातून माझा हात बघितलास. कोपराच्या घडीखाली दोन बोटांवर भोक. चपलेचा अंगठा बसेल एवढं, असं लिहिलंस. अतिशयोक्ती करू नकोस, चपलेचा अंगठा जाणार नाही. पण पुढचं वाचून मी खुर्चीत मागे टेकलो. तुम्ही पोरी त्या भोकाला 'बेंबी' म्हणता! आणि पहिल्या दिवशी सीनियर ज्युनियरला कानात सांगते, "शीर शोधत बसू नकोस, बेंबी शोध." दरवर्षी. बॅचमागून बॅच. सगळ्या जणी एकाच भोकातून आत जातात, लाल पाणी येतं, बाई पैकीच्या पैकी देतात, टाळ्या.

आणि तू मास्तरांच्या हातावर घडीखाली दोन बोटांवर पाच वेळा टोचलंस, कारण तिथे बेंबी असते.

हसू की रडू? मी हसलो. तुमच्या शिट्टीबाई, ज्यांच्या प्रत्येक 'स'मधून शिट्टी वाजते, त्यांना हे दिसत नाही? सहा वर्षं त्या तिथे उभ्या राहून "संथ, सरळ, सावकाश" म्हणतायत आणि समोर पोरी भोकात काडी घालतायत. असल्या बाईला मी सायकलची हवासुद्धा मोजायला देणार नाही.

आता ऐक. तू एक तारखेला गेली नाहीस तर ती जागा रिकामी ठेवून हॉस्पिटल तुझी वाट बघणार नाही. तुझ्याच वर्गातली दुसरी जाईल. तिलाही बेंबीच माहीत. फरक एवढाच, की तिला वाटतं आपल्याला सगळं येतं. पेशंटच्या जागी मी असतो तर कोण हवी म्हणालो असतो, याचा विचार कर. मला सांगू नकोस, मला माहीत आहे.

कातडी दोन वर्षांपूर्वी बदलली होती. आता तरी समाधान?

बाप


१७ मार्च

टिटवी,

पुन्हा एक ओळ. 'दोन वर्षांपूर्वी नाही.' शब्द वाचवायचं तू कुणाकडून शिकलीस कोण जाणे. आमच्या घरात तरी कुणी वाचवत नाही.

मनगटाची कातडी उलटी करून आतली तारीख बघितलीस, असं दिसतं. मी आतल्या बाजूला तारीख टाकतो हे जगात तिघांना माहीत. मला, तुझ्या आईला आणि तुला. तुला, कारण ती तारीख तूच टाकायचीस. माझं अक्षर किड्यासारखं म्हणून. शाळेतून आलीस की दप्तर ठेवून पेन घ्यायचीस आणि ओळीने सहा मनगटांत तारखा. तेव्हा भिंगाखाली तुझंच अक्षर निघालं. चार वर्षांपूर्वीचं.

उगाच गळा काढायच्या आधी नीट ऐक. ती कातडी मी तुझ्या आठवणीने वगैरे ठेवलेली नाही. धंद्यात असले चाळे परवडत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी मी सहाही हातांना नवी कातडी घातली होती. खोटं नव्हतं ते. चांगली घट्ट, एकही भोक नसलेली. पंधरा दिवसांनी परीक्षा झाली. तुझ्या पुढच्या बॅचच्या अडतीस पोरी बसल्या, अकरा पास. प्राचार्यबाईंनी मला बोलावून घेतलं. टेबलावर माझा हात आडवा पडलेला, जसा काही पुरावा.

"तुमचे हात बिघडलेत."

"बाई, हात नवे आहेत."

"तेच म्हणतेय मी. आधीच्या हातांवर मुली पास होत होत्या."

"आधीच्या हातांना भोक होतं बाई."

"मग या हातांना का नाही?"

प्राचार्यबाई म्हणजे भिंतीवर सोळा प्रमाणपत्रं, प्रत्येकाला काच. मी एकेक वाचत उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "मुलींचा आत्मविश्वास खचतो. शिवाय निकाल वर पाठवायचा असतो. तुम्ही समजूतदार आहात."

मी समजूतदार निघालो. घरी आलो, पेटीतून जुनी कातडी काढली, पावडर मारली आणि चढवली. फेरपरीक्षेला अडतीसच्या अडतीस पास. प्राचार्यबाईंनी पेढे... नाही, पेढे नव्हते, बिस्किटं होती. मी दोन खाल्ली.

झालं? हेच ऐकायचं होतं ना?

आता तुझी पाळी. जानेवारीत पडद्यामागे बसलो होतो ते सांगितलं. एक सांगितलं नव्हतं. 'चूक त्यांचीच असेल तर?' हे विचारणारी तू होतीस. आवाज ओळखायला मला पडदा सरकवावा लागत नाही. तू पाळण्यात होतीस तेव्हा चार घरांपलीकडे ऐकू जायचीस, म्हणून तर टिटवी. मी उगाच हसलो पडद्यामागे. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "तुझे बाबा काय करतात गं?" आणि तू म्हणालीस, "पंक्चर काढतात."

माझ्या मांडीवर माझा हात होता. नकली. मी त्याला धरून बसलो. तुम्ही सगळ्या बाहेर जाईपर्यंत.

तू नर्स व्हायचं म्हणालीस तेव्हा मी म्हटलं होतं, दुसऱ्यांची बेडपॅन उचलायला मी पोर वाढवली नाही. तू म्हणालीस, त्याच बेडपॅनवाल्यांच्या जिवावर या घरात भात शिजतो. आणि आत्याकडे निघून गेलीस. माझं वाक्य मी परत घेतलेलं नाही. तुझं बरोबर होतं, पण म्हणून काय झालं.

हॉस्पिटलला नकाराचं पत्र टाकलंस का? आईला कळव. मला नको.

बाप


२४ मार्च

टिटवी,

तुला कॉलेजात कळलंच असेल, पण तिथे सांगणारे सगळे अर्धवट, म्हणून मी सांगतो.

गुरुवारी सकाळच्या बसने आलो. पेटीत सहा नव्या कातड्या. तुमची तुकडी वॉर्डात होती हे शिपायाला विचारून खात्री करून घेतली. कुणाला न विचारता सहाही हात उघडले, जुन्या कातड्या उतरवल्या आणि नव्या चढवल्या. जुन्यांचे कात्रीने तुकडे केले, म्हणजे मला परत समजूतदार व्हायची सोय नको. मनगटाच्या आत तारखा टाकल्या. किड्यासारख्या.

पडद्यामागे बसून राहिलो. घरी जायला हवं होतं, पण असली मजा कोण सोडतो? तुमच्या खालच्या वर्षाच्या पोरी आल्या. पहिलीने टोचलं, कोरडं. दुसरीने टोचलं, कोरडं. तिसरी, ती जाड भिंगाची चष्मिष्ट, ती हात उलटापालटा करत मोठ्याने म्हणाली, "बाई, बेंबी कुठे गेली?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

शिट्टीबाई म्हणाल्या, "कसली बेंबी? सरका, सगळ्या सरका." आणि स्वतः सुई घेतली. संथ, सरळ, सावकाश. घडीखाली दोन बोटांवर. कोरडं! अगं, बाईसुद्धा बेंबीवाल्याच! त्याच कॉलेजात शिकल्या, त्याच हातावर पास झाल्या, तिथेच शिकवायला लागल्या. दुसऱ्यांदा कोरडं. तिसऱ्यांदा सुई वाकली. "हात सदोष आहे," म्हणाल्या, आणि 'सदोष'मधला 'स' तर वाजलाच, 'ष'सुद्धा वाजला.

मला राहवलं नाही. पडदा सरकवून मी म्हटलं, "बाई, बोटाने चाचपून बघा. डोळ्यांनी नको. शीर बोटाखाली उसळते." सगळ्या किंचाळल्या, पंखा बोलल्यासारख्या. चष्मिष्टेने मात्र डोळे मिटले, बोट फिरवलं, आणि घडीच्या वरच्या अंगाला, जिथे मी या वेळी शीर सरकवली आहे तिथे, बरोबर टोचलं. लाल पाणी आलं. ती इतकी दचकली की तिने पाण्याची माफी मागितली.

अर्ध्या तासात प्राचार्यबाईंकडे पेशी. त्यांनी सुनावलं, मी ऐकलं. माझं काम गेलं. पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या कुणाचे हात येणार आहेत. त्यांनी कौतुकाने नमुना दाखवला. प्लास्टिकचा हात, आणि शीर जिथे आहे तिथे वरून निळी रेघ छापलेली! भोकसुद्धा पाडायला नको. मी म्हटलं, "बाई, फार छान. आता फक्त पेशंटनाही जन्मतः अशी रेघ यायला लागली की झालं." त्यांना विनोद कळला नाही, किंवा कळला.

बाकी दहा कॉलेजं आहेत. उपाशी मरत नाही मी. त्या दहांत बेंब्या आहेत का, हे विचारू नकोस. मी एकेक करून जाणार आहे. पेटी भरून ठेवली आहे.

आता कामाचं. आत्याने आईला सांगितलं की नकाराचं पत्र लिहून तुझ्या उशाखाली आहे, टाकलेलं नाही. आठ दिवसांपासून. याला धाडस म्हणत नाहीत आणि शहाणपणही म्हणत नाहीत. याला उशीखाली कागद ठेवून मान आखडून घेणं म्हणतात. तू लिहितेस की निदान वीस जिवंत हात मिळाले असते तर गेले असते. वॉर्डात तुम्हाला टोचू देत नाहीत, कारण तुम्हाला येत नाही. आणि येत नाही, कारण टोचू देत नाहीत. ज्याने ही पद्धत काढली त्याला आधी सलाईन लावायला हवं.

वीस हात माझ्याकडे नाहीत. दोन आहेत. रविवारी ये. सुया नव्या, बंद पाकिटातल्या आण, नाहीतर तुमच्या कॉलेजची काटकसर माझ्या अंगावर यायची. शिरा माझ्या दोरखंडासारख्या आहेत, आंधळ्याला सापडतील. पाहिजे तितक्यांदा टोच. मी हूं की चूं करणार नाही. सुईशी माझा जेवढा व्यवहार झालाय तेवढा तुमच्या सगळ्या कॉलेजचा मिळून झालेला नाही. मी चहा पीत बसेन.

त्या चष्मिष्टेलाही आण. तिच्या बोटाला अक्कल आहे.

बाप


३१ मार्च

चि. टिटवी,

काल दुपारी तुम्ही दोघी बसमध्ये बसलात आणि घड्याळवाला लगेच उंबऱ्यावर हजर. "काय हो, पोर आली होती म्हणे? आणि काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज आला." या माणसाला स्वतःच्या दुकानातलं एकही घड्याळ वेळेवर चालवता येत नाही, पण माझ्या घरात काय पडलं ते मिनिटासकट माहीत. मी सांगितलं, पोरीने टोचून टोचून रक्त काढलं, चौथ्या वेळी मात्र जरा गरगरलं. चार वेळा म्हटलं होतं मी. आज सकाळी चहावाला मला विचारतो, "सात वेळा? जनावर आहे का काय?"

तर कालचं. तू एक बाजू बघितलीस. मला दुसरी माहीत आहे.

मी खुर्चीत होतो, उजवा हात टेबलावर, कप डाव्या हातात. तू दंडाला रबरी पट्टी बांधलीस. पुढे मला टेबलाचा पाय दिसला, अगदी जवळून, आणि मग काही नाही. माणूस शुद्धीवर येतो तेव्हा त्याचे डोळे आधी येत असतील. माझे कान आधी आले. म्हणून तुम्हाला वाटलं मी अजून गेलेलाच आहे, आणि मी तसाच पडून राहिलो. पडदा नव्हता, पापण्या होत्या.

"आई, पाणी नको. तोंडात काही घालायचं नाही. खुर्ची इकडे सरकव, पाय वर घेऊ. हां, अस्सं. आता खिडकी उघड. रडायचं असेल तर बाहेर."

तुझी आई! जिला बाहेर जा असं माझ्या आईनेही कधी म्हटलं नाही! गेली मुकाट बाहेर.

"नाडी मोज. घड्याळ बघून. पूर्ण एक मिनिट, मधे बोलू नकोस."

चष्मिष्टेचा आवाज चिरकला, "माझे हात कापतायत."

"माझेही. मोज."

मी आयुष्यभर माणसांचे आवाज ऐकत आलोय. गिऱ्हाईक पैसे देणार की बुडवणार ते त्याच्या पहिल्या शब्दावर सांगतो. टिटवी, हा आवाज मी कॉलेजच्या पडद्यामागे ऐकला नव्हता. त्यात सॉरी सर नव्हतं. डोक्याखाली तुझा हात होता, तो काही कापत नव्हता, की कापत होता आणि मला कळलं नाही. मग तू माझ्या कानाशी आलीस. "बाबा, मी इथे आहे. पडलात, लागलेलं नाही. उठायचं नाही. उठायचं ते मी सांगेन तेव्हा."

साडेतीन वर्षांनी बाबा म्हणालीस, तोंडाने. आणि वर हुकूम.

डोळे उघडले तर तू डोक्याला मार लागलाय का ते केसांतून बोटं फिरवून बघत होतीस. मी म्हटलं, "काय शोधतेस, बेंबी?" चष्मिष्ट हसायला लागली ती थांबेना, आणि तिचं मोजणं चुकलं. तू तिला पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलंस. माझ्या विनोदावर तू हसली नाहीस. मोजून झाल्यावर हसलीस. ते बघितलं मी.

पुढे तू म्हणालीस, आज सुई नको. मी म्हटलं, पडलोच आहे तर आता अजून कुठे पडणार, लाव. तू माझं तोंड बघितलंस, नखं बघितलीस, पुन्हा नाडी बघितलीस, पाच मिनिटं थांबायला लावलंस आणि मग डाव्या हाताला हात घातलास. घडीखाली दोन बोटांवर गेलीस का? नाही गेलीस. डोळे मिटून चाचपत वर गेलीस. पहिली वेळ चुकली. "नाही लागली बाबा, पुन्हा करते," म्हणालीस, बस्स एवढंच, जसं कुणी बटण चुकीच्या काजात गेलं तर म्हणावं. दुसऱ्यांदा लागली. वापरलेल्या सुया जाड डब्यात टाकून, डब्याला झाकण लावून तू घेऊन गेलीस, आणि आईचं फडकं रक्त पुसायला न घेता स्वतःचा कापूस वापरलास. असल्या गोष्टी कुणी बघत नाही असं समजू नकोस.

यावरून तू सगळं शिकलीस असं मी म्हणणार नाही. उद्या वॉर्डात तुला असे डॉक्टर भेटतील ज्यांच्या गळ्यातलं यंत्र फक्त शोभेचं, अशा जुन्या सिस्टर भेटतील ज्या तुला चहा आणायला पाठवतील, आणि असे नातेवाईक भेटतील ज्यांनी मोबाईलवर वाचून डॉक्टरकी केलेली असेल. गणित घाबरून चुकवशील. म्हणून दोनदा कर. शीर लागणार नाही; म्हणून दुसऱ्याला बोलव, आणि तो हसला तर हसू दे. बाथरूममध्ये रडायचं असेल तर तोंड धुवायला विसरू नकोस. आणि चूक त्यांची असेल तेव्हा काय म्हणायचं, हे तुला आता ठाऊक आहे. "उठायचं ते मी सांगेन तेव्हा." याच आवाजात.

नकाराच्या पत्राचं मी विचारलं नाही. तू निघताना आईला म्हणालीस, "घरात पांढरं पॉलिश आहे का गं, बुटांना?" आई शोधत बसली. नव्हतं. मग मी कारखान्यातून कातडीला लावायची पांढरी पावडर दिली. तू बूट घासलेस. तेवढ्यावर मी समजलो. पहिली पाळी सकाळी सातची आहे म्हणालीस. म्हणजे पत्र पोचेल तेव्हा तुझे दोन-तीन दिवस होऊनही गेलेले असतील.

बेडपॅनचं ते वाक्य परत घेतो. आईने लिहायला सांगितलं म्हणून नाही.

पुढे सुट्टीला येशील तेव्हा घड्याळवाला तुला गाठणारच. त्याला चार वेळा सांगायचं की सात, ते तू ठरव. चहावाल्याच्या हिशोबाने तोवर अकरा झालेल्या असतील. चष्मिष्टेला मात्र दम दिलाय की कॉलेजात काही बोलायचं नाही, आणि ती "हो काका" म्हणाली त्या आवाजावरून ती आज दुपारपर्यंत सगळ्यांना सांगणार हे मला कळलं. ती खरं तेच सांगेल, त्याला इलाज नाही. मी पडलो तेव्हा तू सुईवरचं टोपण अजून काढलं नव्हतंस.

तुझा,
बाबा